वनस्पतिचित्र आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाला पाठवताना: रोपाच्या निवडीपासून पार्सलपर्यंत

उत्तम रंगवलेलं वनस्पतिचित्र निवड समितीकडून परत येतं, तेव्हा दोष बहुतेक वेळा ब्रशाचा नसतो. पान चुकीच्या पेरावर निघालेलं असतं, फूल फोटोवरून उतरवलेलं असतं, स्कॅनमध्ये फिकट पिवळा रंग उडालेला असतो, किंवा अर्ज मुदत उलटल्यावर गेलेला असतो. या चुका टाळता येतात, पण त्यासाठी कामाचा क्रम पाळावा लागतो. इथे तो क्रम एकाच वनस्पतीच्या आधारे मांडला आहे. ती वनस्पती म्हणजे कळलावी, शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. सह्याद्रीत आणि कोकणात ती पावसाळ्यात फुलते, कुंडीत वाढते आणि चित्रकाराच्या नजरेची पुरेपूर परीक्षा घेते. तुमची वनस्पती दुसरी असली तरी टप्पे हेच राहतील.

१. आधी प्रदर्शन ठरवा, मग कागद कापा

बरेच जण आधी चित्र काढतात आणि मग ते कुठे पाठवता येईल ते शोधतात. हा क्रम उलटा आहे, कारण प्रत्येक ठिकाणची मागणी वेगळी असते.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या हंट इन्स्टिट्यूटचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १९६४ पासून भरतं आणि साधारण तीन वर्षांनी एकदा येतं. पूर्वी तिथे चित्र न लागलेल्या चित्रकारांनाच ते संधी देतं. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात सुटं चित्र चालत नाही. एका विषयावरच्या चित्रांचा संच लागतो आणि सुवर्ण, रजत-सुवर्ण, रजत, कांस्य अशी पदकं त्या संपूर्ण संचाला मिळतात. त्यामुळे त्यातलं एक चित्र कच्चं निघालं की सगळा संच खाली येतो. अमेरिकन सोसायटी ऑफ बोटॅनिकल आर्टिस्ट्सच्या वार्षिक प्रदर्शनासाठी आधी सभासद व्हावं लागतं. सिडनीच्या रॉयल बोटॅनिक गार्डनचा मार्गारेट फ्लॉक्टन पुरस्कार हा वर्गीकरणशास्त्राच्या वर्णनासोबत छापल्या जाणाऱ्या एकरंगी चित्रांसाठी आहे. तिथे कितीही देखणं जलरंगातलं चित्र पाठवलं तरी उपयोग नाही.

चालू वर्षाचं माहितीपत्रक उतरवून घ्या आणि छापा. गेल्या वर्षीच्या पत्रकावर अजिबात विसंबू नका, मापं आणि तारखा दरवर्षी बदलतात. छापील प्रतीवर या गोष्टींखाली रेघ मारा: कागदाचं किंवा फ्रेमसकटचं कमाल माप, चालणारी माध्यमं, चित्र किती वर्षांच्या आतलं हवं, आधी कुठे लागलेलं चालतं का, विक्रीला ठेवणं सक्तीचं आहे का, आणि निवड झाल्यावर जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा. हा शेवटचा मुद्दा लोक निवड झाल्यावर वाचतात. तोवर उशीर झालेला असतो.

त्यानंतर मुदतीपासून उलटं मोजा. पूर्ण तपशिलाच्या चित्राला शंभर तास सहज लागतात. शिवाय फूल जुलै ते सप्टेंबर आणि पिकलेलं बोंड त्यानंतर, म्हणजे कळलावीचं एक चित्रही एका महिन्यात होत नाही. एक पूर्ण हंगाम अभ्यासाला आणि पुढचा हंगाम चुका सुधारायला हाताशी ठेवला तर काम घाईचं होत नाही.

२. रोप: ओळख, परवानगी, कुंडी

रानातून रोप उपटून आणू नका. राखीव वनात आणि कास पठारासारख्या संरक्षित जागी वनखात्याच्या परवानगीशिवाय फांदी तोडणंही गुन्हा ठरू शकतो. काही प्रदर्शनं रोप कुठून मिळालं हेही विचारतात. रानातलंच रोप हवं असेल तर जागेवर बसून अभ्यास करा आणि रोप तिथेच राहू द्या.

कळलावीचा कंद रोपवाटिकेत मिळतो. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला तीस सेंटिमीटर खोल कुंडीत तो आडवा लावा. हा कंद इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा असतो आणि कोंब फक्त टोकाकडून फुटतो. टोक मोडलं की त्या बाजूने काही उगवत नाही. कुंडीत पाणी साचू देऊ नका आणि वेलीला चढायला बारीक काठ्या द्या. पानांच्या टोकांचे तणावे जाड बांबूला धरत नाहीत.

सावधान: कळलावीच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विष असतं, विशेषतः कंदात आणि बियांत. कंद हाताळताना हातमोजे घाला. रोपाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. मुलं आणि पाळीव जनावरं जातील तिथे कुंडी ठेवू नका. आणि ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करण्याची सवय असेल तर ती आजच सोडा. ही सवय कॅडमियमच्या रंगांसोबत वाईट आहेच, पण टेबलावर कळलावी असताना ती जीवावर बेतू शकते.

ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून घ्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग, अशा ठिकाणी आधी पत्र पाठवून वेळ मागता येते. कळलावी ओळखायला सोपी आहे, पण खर्चुडीच्या कुळातली किंवा रानआल्यासारखी रोपं नुसत्या फुलावरून ठरवणं धोक्याचं आहे. परीक्षकांत वनस्पतिशास्त्रज्ञ असतात. नाव चुकलं तर पुढचं काही बघायची त्यांना गरजच राहत नाही.

सध्या ग्राह्य धरलेलं शास्त्रीय नाव लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर तपासा. जुन्या पुस्तकातलं नाव बदललेलं असू शकतं. अर्जात नाव रोमन लिपीत आणि तिरक्या अक्षरांत लिहा. प्रजातीनामाचं (जीनस, इथे ग्लोरिओसा) पहिलं अक्षर मोठं, जातिनाम (स्पीशीज, इथे सुपर्बा) पूर्ण लहान अक्षरांत, आणि मागून येणारं नामकर्त्याचं संक्षिप्त नाव सरळ अक्षरांत.

३. अभ्यासाची पानं: निवड इथेच ठरते

या टप्प्यात घाई केली तर पुढे ती कशानेच भरून निघत नाही. फोटोवरून काम करणाऱ्याची मुख्य अडचण अशी, की कॅमेरा एका डोळ्याने बघतो. जवळची पाकळी फुगते, मागची आखडते, देठाचा खरा कोन हरवतो. फोटो आठवणीसाठी ठेवा, माप मात्र रोपावरूनच घ्या. दुसऱ्याचा फोटो उतरवला तर स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर प्रवेशिका बाद होते.

रोप डोळ्याच्या उंचीला ठेवा. प्रकाश एकाच बाजूचा हवा. वनस्पतिचित्रात तो डावीकडून वरून घेण्याचा प्रघात आहे. उत्तरेची खिडकी सर्वांत बरी. पावसाळी अंधारात ५००० ते ६५०० केल्विनचा एकच दिवा लावा आणि खोलीतले बाकीचे पिवळे दिवे मालवा. दोन दिव्यांच्या दोन सावल्या चित्रात उतरल्या तर त्या नंतर काढता येत नाहीत.

मग डिव्हायडर घ्या आणि खऱ्या मापात काढायला लागा. कळलावीत काय काय बघायचं ते सविस्तर देत आहोत, कारण या फुलाची सगळ्यांत जास्त चुकीची चित्रं निघतात.

फूल लांब देठावर खाली मान घालून लटकतं, पण सहाही परिदलं, म्हणजे पाकळ्यांसारखे दिसणारे भाग, मागे वळून वर उभी राहतात. म्हणजे फुलाचं तोंड जमिनीकडे आणि ज्वाळा आकाशाकडे. पुष्कळ चित्रांत फूलच वर तोंड करून दाखवलेलं असतं आणि ती चूक जाणकाराला दुरून दिसते. परिदल साधारण ५ ते ८ सेंटिमीटर लांब आणि अरुंद असतं, कडा लाटांसारख्या चुरलेल्या असतात. ही लाट सगळीकडे सारख्या अंतराने काढली तर झालर शिवल्यासारखी दिसते. प्रत्येक परिदलाच्या लाटा मोजा. एका कडेला पाच असतील तर दुसऱ्या कडेला सहा असू शकतात, आणि टोकाकडे त्या विरत जातात.

पुंकेसर सहा. ते फुलापासून आडवे बाहेर पसरतात, चाकाच्या आऱ्यांसारखे. परागकोश तंतूला मधोमध टेकलेला असतो आणि वाऱ्याने हलतो, म्हणून त्याचं टोक तंतूला चिकटवून काढू नका. अंडाशय हिरवा, फुलाच्या मध्यातून खाली आलेला. आणि त्याच्या खालच्या टोकाशी या फुलाची खरी खूण: तिथून निघणारी दांडी, म्हणजे कुक्षिवृंत, जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला निघून जातो. तो सरळ खाली काढला की ते फूल कळलावीचं राहत नाही. टोकाला कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या भागाचे, तीन भाग भिंगातून मोजून घ्या.

पानं देठाविना थेट खोडावर बसतात. शिरा समांतर असतात. आंब्याच्या पानासारखं मधल्या शिरेतून फुटणाऱ्या शिरांचं जाळं इथे काढणं ही सवयीने होणारी चूक आहे. टोक लांबत जाऊन तणावा होतं, पण खालच्या पानांना तो पुष्कळदा नसतो किंवा सरळच राहतो. पानांची मांडणी एकाच वेलीवर बदलते: कुठे एकाआड एक, कुठे समोरासमोर, कुठे तिघांचं वलय. म्हणून आपल्या रोपाची पेरं खालून वर मोजा, क्रमांक द्या आणि प्रत्येक पेरावर किती पानं, कोणत्या दिशेला, हे टिपून ठेवा.

रंगाचं काम वेगळ्या पानावर करा. कळलावीचं फूल उमलताना हिरवट पिवळं असतं, मग टोकाकडून शेंदरी होत जातं आणि उतरताना गडद लाल होतं. रोज ठरलेल्या वेळी, त्याच प्रकाशात रंगाचे नमुने करा आणि प्रत्येकाखाली तारीख, वेळ, मिसळलेले रंग लिहा. चौथ्या दिवशी फूल बदललेलं असतं. पहिल्या दिवसाचं पिवळं आठवणीतून काढलं की ते हमखास जास्त पिवळं होतं.

तपासा: रोप टेबलावरून हलवलं तरी अभ्यासाच्या पानांवरून या प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. कळीचं माप काय? परिदलाची मागची बाजू कोणत्या रंगाची? देठ पेरावर नेमका कुठून निघतो? बोंड किती भागांत उकलतं आणि बिया कशा चिकटलेल्या असतात? एकाचंही उत्तर नसेल तर रंगाला हात लावू नका. बोंड हवं असेल तर एक-दोन फुलं वेलीवरच राहू द्या. ते तीन भागांत उकलतं आणि आतल्या तांबड्या बिया चित्राला वेगळाच भारदस्तपणा देतात.

४. रचना

फूल, कळी, उतरतं फूल, बोंड आणि तणाव्यांसह पानं असं सगळं एका कागदावर बसवायचं असतं. प्रत्येक भाग वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढा, कापा आणि पांढऱ्या कागदावर सरकवून बघा. किमान तीन वेगळ्या मांडण्या करा आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्याने निवडा. वेल नेहमी काठाबाहेर पळते, म्हणून चारही बाजूंना पाच सेंटिमीटर तरी मोकळी जागा ठेवा. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, जाणारी कड आणि श्वास घेणारा पांढरा भाग, दोन्ही त्यातच येतात.

सगळी पानं प्रेक्षकाकडे तोंड करून ठेवू नका. एक पान कडेवरून, एक पाठमोरं, एक आकसलेलं, म्हणजे टोक आपल्याकडे वळल्याने आखूड दिसणारं, असू द्या. निवड समिती आकसलेल्या पानावरून चित्रकाराचा हात ओळखते. खोड खाली कापलं असेल तर कापलेली कड स्वच्छ दाखवा. धुक्यात विरून जाणारं खोड अर्धवट सोडलेल्या कामासारखं दिसतं.

चित्र खऱ्या मापाचं असेल तर तसं नमूद करा. फुलाचं विच्छेदन मोठं करून दाखवलं असेल तर शेजारी मापपट्टी काढा. नुसतं ‘दुप्पट’ किंवा ‘पाचपट’ लिहिलं तर छपाईत चित्र लहान-मोठं झाल्यावर त्याला अर्थ उरत नाही. पट्टी मात्र चित्रासोबतच बदलते.

अंतिम रेखाटन कागदावर उतरवताना कार्बन पेपर वापरू नका. त्याची मेणचट रेघ पुसत नाही आणि वॉशखालून, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाच्या पातळ थराखालून, डोकावते. लाइटबॉक्स असेल तर उत्तम. नसेल तर ट्रेसिंगच्या मागच्या बाजूला एचबी पेन्सिल हलकेच घासा, कापसाने पुसा आणि २एच पेन्सिलने वरून गिरवा. रंगवण्याआधी मऊ रबराने रेघ इतकी फिकी करा की हातभर अंतरावरून जेमतेम दिसेल.

५. कागद आणि रंग

कागद शंभर टक्के कापसाचा, गुळगुळीत पृष्ठभागाचा, म्हणजे दुकानात ‘हॉट प्रेस’ किंवा ‘एचपी’ म्हणून मिळणारा. जाडी ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) किमान, मोठ्या चित्राला ६४० बरी. आर्चेस, फॅब्रियानो आर्टिस्टिको, सॉन्डर्स वॉटरफोर्ड हे नेहमीचे. एकाच गठ्ठ्यातले चार-पाच कागद घ्या, गठ्ठा बदलला की पांढरेपणा आणि शोषण दोन्ही बदलतात.

आपल्याकडच्या पावसाळ्यात खरा घात इथे होतो. दमट हवेत कागदाची खळ कमजोर होते. वॉश टाकला की रंग टिपकागदासारखा शोषला जातो, ठिपके पडतात आणि कड फुटते. लोक रंगाला दोष देतात, दोष असतो कागदाचा. कागद झिप लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीला न टेकवता आडवा ठेवा. काम सुरू करण्याआधी त्याच कागदाच्या कोपऱ्यातल्या पट्टीवर एक वॉश, त्यावर सुकल्यानंतर दुसरा वॉश आणि एकदा पुसून बघणं, अशी चाचणी घ्या. ही पट्टी माउंटखाली जाईल अशीच निवडा.

रंगाच्या नळीवरचं नाव वाचू नका, रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. अलिझरिन क्रिम्झन (पीआर ८३) उजेडात फिका पडतो, त्याऐवजी क्विनॅक्रिडोनचा पीव्ही १९ घ्या. ऑपेरा पिंकमधला चमकता गुलाबी टिकत नाही. ऑरिओलिन (पीवाय ४०) काळपटतो. कळलावीसाठी पीवाय १५४ हा पिवळा आणि पीआर २५५ हा शेंदरी लाल, सावलीत थोडा पीव्ही १९, आणि हिरव्यासाठी त्याच पिवळ्यात पीबी २९ किंवा पीबी १५:३ मिसळून इतकं पुरतं. नळीतला तयार हिरवा थेट लावला की पान प्लॅस्टिकचं दिसतं. हे परीक्षक दहा फुटांवरूनही ओळखतात.

शंका असेल तर रंगाची पट्टी अर्धी ॲल्युमिनियमच्या कागदाने झाकून उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवा. फरक दिसला तर तो रंग बाद.

६. रंगवण्याचा क्रम

१. आधी जे कोमेजणार ते. फूल, मग कोवळं पान, मग जुनी पानं, खोड, शेवटी बोंड.

२. पहिला वॉश अगदी पातळ आणि उजळ. परिदलावर उजेड पडतो तिथे कागद कोरा सोडा. पांढरा रंग नंतर भरून ती चकाकी परत येत नाही.

३. पिवळं पूर्ण सुकल्यावरच लाल. ओल्यावर लाल चढवला तर मधल्या पट्ट्यात तपकिरी चिखल होतो. फुलाचा पिवळ्यातून लालात जाणारा प्रवास कोरड्या ब्रशाच्या बारीक, परिदलाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या रेघांनी बांधा.

४. पिवळ्याची सावली काळ्याने करू नका, ती शेवाळी होते. हिरवट राखाडीचा पातळ थर पुरतो.

५. कडा सर्वांत शेवटी, बारीक टोकाच्या ब्रशाने. चित्रभर सारख्या जाडीची गडद कड ओढली की वनस्पतिचित्राची रंगवही होते. उजेडाकडची कड जवळजवळ नाहीशी, सावलीकडची ठळक ठेवा.

रोज हात धुऊन बसा आणि मनगटाखाली कोरा कागद ठेवा. बोटाच्या तेलाचा डाग लावताना दिसत नाही, वॉश घेताना दिसतो.

तपासा: चित्र आरशात बघा, मग उलटं धरून बघा. झुकलेलं खोड, एका बाजूला जड झालेली रचना आणि दूर-जवळच्या मापांतली चूक लगेच डोळ्यात भरते. त्यानंतर ते एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दाखवा. त्यांनी एखाद्या अवयवाकडे बोट दाखवलं तर वाद न घालता अभ्यासाच्या पानाशी ताडून बघा.

७. स्कॅन: परीक्षक पहिल्यांदा हेच बघतात

पहिल्या फेरीत मूळ चित्र कुणी बघत नाही, फाइल बघतात. इतक्या महिन्यांची मेहनत इथे वाया घालवणं फार दुःखद आहे, आणि ते वारंवार घडतं.

पाव शीट, म्हणजे २८ × ३८ सेंटिमीटरचं चित्र ए३ स्कॅनरवर एका फेरीत येतं. ३०० डीपीआयला ते साधारण ३३०० × ४५०० पिक्सेल होतं. अर्धं शीट दोन भागांत स्कॅन करा, मधे तीन सेंटिमीटरचा भाग दोन्हींत येऊ द्या आणि मग जोडा. स्कॅनरची आपोआप धार वाढवणारी, रंग सुधारणारी आणि पार्श्वभूमी पांढरी करणारी सेटिंग्ज बंद करा. ही शेवटची सेटिंग फिकट पिवळं आणि पहिला हलका वॉश साफ खाऊन टाकते. कळलावीच्या ताज्या फुलाचं तोंडच त्यात जातं. झेरॉक्सच्या दुकानातला स्कॅन बहुतेक या सगळ्या सेटिंग्ज चालू ठेवूनच होतो, म्हणून कला-छपाई करणाऱ्या दुकानात जा आणि मूळ चित्र शेजारी ठेवूनच फाइल मान्य करा.

कॅमेऱ्याने घेणार असाल तर चित्र भिंतीवर सपाट, कॅमेरा तिपाईवर मध्यबिंदूसमोर, दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत आणि चौकटीत एक करडं कार्ड. पहिला फोटो कार्डासह घ्या, रंग त्यावरून जुळवा. मोबाइलने वरून घेतलेल्या फोटोत कडा बाहेर फुगतात आणि हाताची सावली येते.

फाइलचा प्रकार, कमाल आकार, लांब बाजूचे पिक्सेल आणि फाइलच्या नावाची पद्धत माहितीपत्रकात असेल तशीच, अक्षरशः तशीच ठेवा. रंगव्यवस्था बहुतेक ठिकाणी एसआरजीबी मागतात. सही, माउंट, फ्रेम, टेबलाची कड यातलं काही चौकटीत नको असेल तर छाटा, पण कागदाचा पांढरेपणा कृत्रिम शुभ्र करू नका.

तपासा: फाइल मोबाइलवर अंगठ्याएवढी करून बघा. या आकारातही वनस्पती ओळखू आली आणि रचना उभी राहिली तर ठीक. मग शंभर टक्क्यांवर वाढवून धूळ, केस, जोडाची रेघ शोधा.

८. अर्ज

मुदतीची वेळ भारतीय वेळेत बदलून घ्या. न्यूयॉर्कची संध्याकाळची पाच म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे अडीच, त्यांच्या हिवाळ्यात साडेतीन. इथे आपल्याला जास्त वेळ मिळतो. सिडनीचं उलट आहे. तिथली संध्याकाळची पाच म्हणजे आपल्याकडे त्याच दुपारचे साडेबारा, त्यांच्या उन्हाळ्यात साडेअकरा. संध्याकाळी निवांत पाठवू म्हटलं की दार बंद झालेलं असतं.

प्रवेशशुल्क परकीय चलनात भरायचं असतं. आपल्या बहुतेक कार्डांवर परदेशातले ऑनलाइन व्यवहार आधी बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करा आणि हे काम आठवडाभर आधी करा. शेवटच्या रात्री कार्ड नाकारलं गेलं तर बँकेत फोन उचलायलाही कुणी नसतं.

चित्राचं माप भरताना उंची आधी की रुंदी आधी हे पत्रकात बघा. सेंटिमीटर आणि इंच यांची गल्लत झाली तर प्रदर्शनाच्या भिंतीचं गणितच बिघडतं. किंमत किंवा विमामूल्य लिहाल ती पुढे सीमाशुल्काच्या कागदांवरही तीच लागेल, म्हणून नीट विचार करून लिहा.

निवेदनात रोप कुठलं, ते का निवडलं आणि त्यात काय दाखवलं एवढं सांगा. कळलावीबद्दल लिहिताना ‘निसर्गावरचं माझं प्रेम’ यापेक्षा ‘उमलल्यापासून उतरेपर्यंतच्या फुलाच्या अवस्था एकाच वेलीवर’ हे वाक्य परीक्षकाला जास्त सांगतं. शब्दमर्यादा ओलांडू नका. पाठवल्यावर पोचपावती येते का बघा, आणि निकालाच्या दिवसांत स्पॅमची पेटीही उघडा. निवड झाल्याचं पत्र तिथे पडून राहिल्याने जागा गेल्याची उदाहरणं आहेत.

९. निवड झाली: पार्सल

मूळ चित्र बांधण्याआधी पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

फ्रेमशिवाय मागवत असतील तर तसंच पाठवा, खर्च आणि धोका दोन्ही कमी. चित्रावर आम्लरहित ग्लासिन (पातळ, गुळगुळीत कागद), मग आम्लरहित बोर्ड, मग प्लॅस्टिकचं पाकीट, आणि बाहेरून दोन कडक बोर्डांच्या मध्ये. चित्र कोपऱ्यांना कागदी खाचांत अडकवा, चिकटपट्टी चित्राला लावू नका. गुंडाळी करून नळकांड्यात घालू नका, हॉट प्रेस कागदावरचे कोरडे थर वाकताना तडकू शकतात. फ्रेमसह मागवत असतील तर काचेऐवजी ॲक्रिलिक. लाकडी पेटी असेल तर लाकूड आंतरराष्ट्रीय नियमानुसार उष्णता-प्रक्रिया केलेलं आणि तसा शिक्का असलेलं हवं. प्लायवूडला ही अट लागू नाही.

सोबत वाळलेलं पान, फूल किंवा बी ठेवू नका. भेट म्हणूनसुद्धा नाही. वनस्पतीचा तुकडा सापडला की संपूर्ण पार्सल विलगीकरणात अडकतं.

प्रोफॉर्मा बीजकावर वस्तूचं वर्णन ‘कलाकाराने स्वतः काढलेलं मूळ चित्र, प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही, परत येणार’ अशा अर्थाचं इंग्रजीत लिहा आणि चित्रांसाठीचं ९७०१ हे वर्गीकरण टाका. विक्रीला ठेवलं असेल तर मात्र ‘विक्रीसाठी नाही’ लिहू नका. किंमत शून्य लिहिली तर पार्सल थांबतं. चित्र पुरातन वस्तू नसल्याचा पुरावा कुरियर मागू शकतं, म्हणून चित्र कोणत्या वर्षी कोणी काढलं याचं सही केलेलं निवेदन बरोबर ठेवा. एकाहून जास्त, महागडी चित्रं जात असतील तर फिक्की या उद्योगसंघटनेकडून मिळणाऱ्या एटीए कार्नेटची, म्हणजे वस्तू तात्पुरती परदेशी नेऊन परत आणण्याच्या सीमाशुल्क-कागदाची, चौकशी करा.

जातानाचे कागद, एअरवे बिल, बीजक, शिपिंग बिलाची प्रत, फोटो हे सगळं चित्र घरी परत येईपर्यंत जपा. परतीच्या वेळी हे कागद नसतील तर स्वतःचंच चित्र सीमाशुल्काला आयात केलेला माल वाटतं आणि कर मागितला जातो. परत आलेलं पार्सल पोचवणाऱ्यासमोर उघडा, पाठवण्याआधीच्या फोटोंशी ताडून बघा, आणि कोपरा दुमडलेला किंवा ओल आलेली असेल तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहा.